पहार ठणकली की खाली ज्वालामुखी

नाचणगावच्या शिवारात विहीर खोदायला घेतली की आधी काळी माती निघते, मग मुरूम लागतो आणि मग एका खोलीवर पहार ठणकन वाजते. तिथून खाली ज्वालामुखी सुरू होतो. पुलगावला खेटून असलेलं हे गाव, देवळी तालुका आणि जवळपास सगळा वर्धा जिल्हा ज्या काळ्या खडकावर बसला आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा आहे. मुरूम म्हणजे अर्धवट झिजलेला लाव्हा, आणि ज्या मातीत पऱ्हाटी उभी आहे ती पुरता झिजलेला.

शाळेच्या पुस्तकातला ज्वालामुखी मात्र वेगळा असतो. निमुळता डोंगर, शेंड्याला तोंड, तोंडातून धूर. वर्ध्यापासून पुलगावापर्यंत असा एकही डोंगर नजरेला पडत नाही. मग एवढा लाव्हा आला कुठून?

डोंगर नव्हता, भेगा होत्या

दख्खनचा लाव्हा एका तोंडातून उसळला नाही. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो वर आला आणि सखल भाग शोधत पसरत गेला. उद्रेक थांबताना जो रस भेगेतच अडकला, तो तिथेच थिजला. अशा दगडी भिंतींना भूवैज्ञानिक डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारकडे त्या शेकड्यांनी सापडतात, आणि त्यांतली एक तर सुमारे ७९ किलोमीटर लांब आहे.

भेगेतून होणारा मोठा उद्रेक कसा असतो, हे आइसलंडच्या लोकांनी सोसलं आहे. १७८३ च्या जूनमध्ये तिथे लाकी नावाच्या जागी सुमारे २७ किलोमीटरची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा ओकत राहिली. लाव्ह्यापेक्षा वायू घातक ठरले. गवत विषारी झालं, जनावरं मेली, मागोमाग दुष्काळ आला आणि देशातला साधारण दर पाचवा माणूस दगावला. नागपुरात तेव्हा भोसल्यांचं राज्य होतं. लाकीतून आलेला लाव्हा सुमारे १५ घन किलोमीटर भरतो. दख्खनमधले काही प्रवाह एकेकटेच हजार घन किलोमीटरच्या वर जातात. असे प्रवाह एकावर एक, लाखो वर्षं येत राहिले.

वरण आणि पिठलं

ज्वालामुखी वाहणार की फुटणार, हे बरंचसं दोन गोष्टींवर ठरतं: रसात सिलिका किती आणि वायू किती. आपल्या काळ्या खडकात, म्हणजे बेसाल्टमध्ये, सिलिका ४५ ते ५२ टक्के असते. अँडेसाइट नावाच्या दगडात ती ५७ ते ६३ टक्के. आकड्यात फरक थोडा, पण वागणुकीत जमीन-अस्मानाचा. चुलीवर पातळ वरण निमूट उकळतं, घट्ट पिठलं मात्र रटरटून अंगावर उडतं. कारण घट्ट रसातून वाफेला सुखासुखी वाट मिळत नाही. बेसाल्टचा रस ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला पातळ असतो, त्यातले वायू निघून जातात आणि तो वाहत सुटतो. अँडेसाइटचा रस नळीतच चिकटतो, वर बूच बसतं, खाली वायू कोंडतो आणि एक दिवस बुचासकट डोंगराचं डोकं उडतं.

पुस्तकातल्या त्या निमुळत्या डोंगराला मराठीत मिश्र ज्वालामुखी म्हणतात. तो बनतो मुख्यतः जिथे समुद्राखालचं एक भूपट्ट दुसऱ्याच्या पोटात शिरतं तिथे. बुडणारं पट्ट आपल्याबरोबर खनिजांत मुरलेलं पाणी घेऊन जातं. खोलवर ते पाणी सुटतं आणि वरच्या तापलेल्या खडकाचा वितळणबिंदू खाली आणतं. रस तयार होतो, वर चढतो, वाटेत रेंगाळतो, थोडा निवतो. निवताना सिलिका कमी असलेले स्फटिक आधी बाजूला पडतात, म्हणून उरलेला रस आणखी घट्ट होतो. मग उद्रेक होतो: आधी राख आणि दगडगोटे, नंतर लाव्हा. पुढच्या उद्रेकात पुन्हा राख, पुन्हा लाव्हा. थरावर थर चढून हजारो वर्षांत उभ्या उताराचा डोंगर तयार होतो.

अशा डोंगरांचा इतिहास अंगावर काटा आणणारा आहे. अमेरिकेतल्या सेंट हेलेन्सची उत्तरेकडची बाजू १८ मे १९८० ला सकाळी ढासळली, कोंडलेला वायू आडवा सुटला, ५७ माणसं गेली आणि डोंगराची उंची सुमारे ४०० मीटरने घटली. इंडोनेशियातला क्राकाटोआ २७ ऑगस्ट १८८३ ला फुटला, तेव्हा तो आवाज सुमारे ४८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला. उसळलेल्या लाटांनी आणि राखेने ३६ हजारांवर माणसं मारली. फिलिपिन्सचा पिनातुबो जून १९९१ मध्ये फुटला आणि त्याने वर फेकलेल्या गंधकाने पुढचं वर्षभर साऱ्या पृथ्वीचं सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशाने उतरवलं.

आणि जगातला सगळ्यांत देखणा शंकू, ३७७६ मीटर उंचीचा फुजी? त्याचा बराचसा दगड आपल्यासारखाच बेसाल्ट आहे! मिश्र ज्वालामुखींत हे दुर्मीळ. जुन्या ज्वालामुखींच्या खांद्यावर नवा चढत गेला आणि राख-लाव्ह्याचे थर एकाच तोंडाभोवती साचले, म्हणून तिथे डोंगर झाला. आपल्याकडे तोच रस भेगांतून मोकळा सुटला, म्हणून पठार झालं. फुजीचा शेवटचा उद्रेक १७०७ च्या डिसेंबरातला. त्याच वर्षी इकडे औरंगजेब भिंगारला वारला. उद्रेकात लाव्हा आलाच नाही, पण राख सुमारे १०० किलोमीटरवरच्या आजच्या टोकियोपर्यंत पडली.

भारतातला जिता शंकू, आणि गोव्याची बोट

भारतात आज जागा असलेला ज्वालामुखी एकच: अंदमान समुद्रातलं बॅरन बेट, पोर्ट ब्लेअरच्या (आताचं श्री विजयपुरम) ईशान्येला सुमारे १४० किलोमीटर. भारतीय पट्ट तिथे बर्मा पट्टाखाली शिरतं, म्हणून हा पक्का मिश्र ज्वालामुखी. समुद्रावर दिसतो जेमतेम साडेतीनशे मीटर, पण पाण्याखाली त्याचा पायथा दोन किलोमीटरहून खोल आहे. माणूस तिथे राहत नाही. रानटी झालेल्या शेळ्या मात्र राहतात.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो झोपला आणि दीडशेहून जास्त वर्षांनी, १९९१ मध्ये, जागा झाला. २३ जानेवारी २०१७ ला गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची मंडळी अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखाली ‘सिंधू संकल्प’ या जहाजावरून तिथल्या समुद्रतळाचे नमुने घेत होती. दुपारी अचानक बेटाने राख उडवायला सुरुवात केली. जहाज मैलभर मागे सरकलं आणि शास्त्रज्ञ बघत राहिले. पाच-दहा मिनिटांचे छोटे छोटे उद्रेक होत होते. उजेडात नुसते राखेचे लोट दिसत. सूर्य मावळला आणि तोंडातून उडणारी लाल लाव्ह्याची कारंजी दिसू लागली. त्याचा रस बराचसा बेसाल्टच्या जातीचा, म्हणून स्वभाव क्राकाटोआइतका रागीट नाही. तरीही मैलभर अंतरावरून असं दृश्य पाहायला मिळणं हे भाग्यच.

किती पसरला, किती जाड

दख्खनचा लाव्हा आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमिनीवर आहे. मूळचा पसारा याहून खूप मोठा होता. झिजेने आणि अरबी समुद्राने बराच खाल्ला. जाडी पश्चिमेला सगळ्यांत जास्त, सह्याद्रीत काही ठिकाणी दोन किलोमीटरच्या घरात, आणि पूर्वेकडे ती उतरत जाते. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर भोक पाडलं तेव्हा लाव्ह्याचा तळ सुमारे ३४० मीटरवर लागला. कोयनेला तो ९३० मीटरच्या आसपास लागला. आपल्या बाजूला नागपूरजवळ ही चादर संपते. वर्धा नदीच्या काठाने खाली चंद्रपूरकडे गेलं की लाव्हा हटतो आणि त्याच्याखाली दबलेले कोळशाचे थर वर येतात. वणी-वरोरा-बल्लारपूरच्या खाणी आहेत त्या या कारणाने. नाचणगाव म्हणजे या प्रचंड चादरीच्या पूर्वेकडच्या काठाजवळचं गाव.

लाव्ह्याची सगळ्यांत लांबची मजल आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत, सुमारे हजार किलोमीटर. वाटेत रस निवला कसा नाही? प्रवाहाच्या वरच्या अंगाला लवकर कडक साल धरते आणि ती साल आतली उष्णता धरून ठेवते. वर दगड, आत वाहता रस. सालीखालून रस पुढे ढकलत राहतो आणि प्रवाह आतून फुगत, पसरत जातो.

विहिरीची भिंत

कोरड्या विहिरीत उतरण्यासारखी भूगोलाची दुसरी शाळा नाही. वर गडद माती, तिच्यात पांढऱ्या चुनखड्या. खाली पिवळट-तपकिरी मुरूम, त्यात कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटणारे गोल धोंडे. मग निबर काळा खडक, ज्यात सुरुंगाशिवाय चालत नाही. आणि कधी कधी त्या खडकाखाली अचानक एक तांबडा, मातकट पट्टा. तो पट्टा नीट बघावा. एक लाव्हा थिजला, त्यावर ऊन-पाऊस पडून माती झाली, आणि मग पुढच्या लाव्ह्याने येऊन ती माती दाबली. दोन उद्रेकांमधली शांतता त्या हातभर पट्ट्यात मोजून ठेवलेली आहे.

पाण्याचं गणितही इथेच आहे. निबर खडकात पाणी नसतं. ते असतं मुरमात, खडकाच्या तड्यांत, बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेल्या थरात आणि दोन प्रवाहांच्या सांध्यावर. म्हणून एका शेतकऱ्याला पाणी लागतं आणि धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याची बोअर कोरडी जाते. नशिबाला बोल लावण्याआधी सांधा कुठे आहे ते पाहावं.

गिरडचे दगडी नारळ

समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघेही तिथे जातात. टेकडीवर नारळासारखे गोलसर दगड पसरलेले सापडतात आणि त्यांची जुनी कथा इंग्रजी अमदानीच्या गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे: व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा त्यांचा सगळा माल बाबांनी दगड करून टाकला. भूविज्ञानाची कथाही कमी अद्भुत नाही. लाव्हा थिजताना त्यातले वायूचे बुडबुडे आत अडकतात आणि पोकळ्या राहतात. नंतर तापलेलं पाणी त्या पोकळ्यांतून झिरपतं आणि झिओलाइट, गारगोटी, अकीक अशी खनिजं थेंबाथेंबाने जमवतं. खडक झिजतो, हे गोळे टिकतात आणि सुटे होऊन पडतात. दोन्ही कथा सांगाव्यात. एक श्रद्धेची, एक दगडाची.

याच पोकळ्यांनी महाराष्ट्राला जगात नाव दिलं आहे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हन्साइट जगभरचे संग्राहक शोधत असतात, आणि सिन्नरला तर या खनिजांचं ‘गारगोटी’ नावाचं स्वतंत्र संग्रहालय आहे.

डायनोसॉर गवत खात होते, पुरावा चंद्रपुरात

लाव्ह्याच्या खाली आणि दोन लाव्ह्यांच्या मध्ये तळ्यांचा गाळ अडकला आहे. हा खजिना जगापुढे ठळकपणे मांडला तो नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी. १८५० च्या दशकात त्यांनी आणि रॉबर्ट हंटर यांनी सीताबर्डी आणि टाकळीच्या थरांतून शंख-शिंपले आणि वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले. ज्या टेकडीवर १८१७ मध्ये भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, ती सीताबर्डीही लाव्ह्याचीच. दगडांमागे रानोमाळ हिंडलेला हा माणूस १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळच्या पुरात बुडून गेला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

वर्धा जिल्ह्यातल्या नवरगावच्या थरांत दगड झालेली ताडवर्गीय झाडं सापडली आहेत. म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात इथे दमट, हिरवंगार रान होतं.

पण माझ्या लेखी सगळ्यांत मोठा शोध वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याचा. तिथे डायनोसॉरच्या लेंड्या दगड होऊन पडल्या आहेत. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या तपासल्या, तर आत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण निघाले. तोवर समज असा होता की गवत डायनोसॉर संपल्यानंतर पसरलं. विदर्भातल्या लेंड्यांनी जगभरच्या पुस्तकांतली ती ओळ बदलायला लावली.

डायनोसॉर मेले कशाने, हा वाद मात्र अजून चालू आहे. मेक्सिकोत आदळलेला लघुग्रह मुख्य आरोपी आहे, पण दख्खनचा लाव्हा त्याच काळात वाहत होता आणि त्याने हवा किती बिघडवली होती, यावर आजही शोधनिबंध निघतात.

पाया खचतो, पीक येतं

काळी माती ही लाव्ह्याची सगळ्यांत मोठी देणगी. तिच्यातली चिकणमाती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. वैशाखात वावराला पडणाऱ्या हात जाईल एवढ्या भेगा त्यामुळेच. वरचा भुसभुशीत थर त्या भेगांत पडतो, पावसात भेगा मिटतात. जमीन दरवर्षी आपली आपण वर-खाली होते. ओल धरून ठेवते, म्हणून पाणी न देताही हरभरा निघतो. हीच माती घराला मात्र वैरी. फुगण्या-आकसण्यात भिंतींना तडे जातात, म्हणून इथे पाया मुरमापर्यंत नेतात किंवा काळी माती उपसून मुरूम भरतात.

या मातीने हिंगणघाटच्या कापसाचं नाव विलायतेच्या बाजारात नेलं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली ती या कापसाच्या ओढीनेही. आणि त्या रुळांखाली अंथरलेली काळी गिट्टी? तीही लाव्हाच. घरातला पाटा-वरवंटा आणि जातंही बहुधा त्याच खडकाचं.

लोणारला ज्वालामुखी म्हणू नका

बुलढाण्याचं लोणार सरोवर पुष्कळांना ज्वालामुखीचं तोंड वाटतं. एके काळी काही भूवैज्ञानिकांनाही तसंच वाटे. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने निकाल लावला: प्रचंड धडकेतच बनणारी काच तिथल्या दगडांत सापडली. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर लाव्ह्यावर आदळलेल्या उल्केचं आहे.

उनकेश्वर, वज्रेश्वरीचे गरम झरेही ज्वालामुखीचे नव्हेत. खोल तड्यांत उतरलेलं पाणी पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापून वर येतं, एवढंच.

खांबांचा दगड

लाव्हा सावकाश निवला की आकसतो आणि त्याला उभे तडे जातात. पंचकोनी-षट्कोनी खांबांची रास तयार होते. मुंबईत अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा असा सुमारे ६० मीटरचा सुळका, माथ्यावर गावदेवीचं मंदिर. तसेच खांब २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पार्डीला रस्त्याच्या कामात उघडे पडले. यवतमाळ म्हणजे आपला शेजारचाच जिल्हा. मुंबईला जायची गरजच राहिली नाही.

परत फुटेल का?

नाही. दख्खनखाली पेटलेला तप्त पुंज, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून वर येणारा तापलेल्या खडकाचा झोत, जागच्या जागी राहिला आणि भारत उत्तरेला सरकत गेला. मागे त्या पुंजाने समुद्रात मालिका उभी केली: लक्षद्वीप, मालदीव, मग मॉरिशस, आणि आज तो रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों दे ला फुर्नेझ हा जगातल्या सगळ्यांत चळवळ्या ज्वालामुखींपैकी एक. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेली मराठी घराणी ज्या काळ्या दगडांच्या बेटावर ऊस पिकवत राहिली, तो दगड आणि नाचणगावच्या विहिरीतला दगड एकाच चुलीवरचे, अशी बहुतेक भूवैज्ञानिकांची धारणा आहे.

एक विनंती मात्र आहे. विहीर, शेततळं, रस्ता किंवा खदान, कुठलंही खोदकाम चालू असताना काळ्या खडकांमध्ये पांढरट गाळाचा थर दिसला, त्यात शंख, खोड किंवा हाडासारखं काही दिसलं, तर तो दगड क्रशरमध्ये जाऊ देऊ नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या भूविज्ञानाच्या प्राध्यापकांना कळवा. पिसदुऱ्याच्या लेंड्याही कुणीतरी वाकून उचलल्या, म्हणूनच जगाला कळल्या.